हिवाळ्यातल्या पहाटे चालताना वन्य प्राणी अगदी समोर आला, तर त्या क्षणी काय करावे?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: हिवाळ्यात पायी फिरताना वन्य प्राणी अगदी जवळून भेटल्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि अशा वेळी नेमके काय करावे. मला असा अनुभव एकदाच आला आहे. तो सविस्तर सांगते, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच मिळाले, आणि तेही काहीसे उशिरा.

ऐन थंडीतली पहाट होती. सूर्य उगवला नव्हता, आणि धुके इतके दाट होते की वीस पावलांपलीकडचे झुडूप नुसत्या सावलीसारखे दिसत होते. मी टेकडीची पायवाट चढत होते. ही वाट एके ठिकाणी मोठ्या खडकाला वळसा घालते. ते वळण घेतले आणि दहाएक पावलांवर, वाटेच्या मधोमध, कोल्हा उभा असलेला दिसला. क्षणभर मला तो कुत्राच वाटला. मग थंडीत दाट झालेले पिंगट केस, पाठीवरची काळ्या-पांढऱ्या केसांची सरमिसळ आणि खाली सोडलेली काळसर टोकाची शेपटी लक्षात आली. (बोलताना आपण बरेचदा खोकडालाही कोल्हाच म्हणतो, परंतु खोकड अंगाने बराच लहान आणि त्या मानाने मोठ्या कानांचा असतो. मी सांगते आहे तो सोनेरी कोल्हा, जो आग्नेय युरोपापासून दक्षिण आशियापर्यंत आढळतो आणि ज्याचे वजन बहुधा ७ ते ११ किलो भरते.)

मी जागच्या जागी थांबले. ते शहाणपणाने नव्हे, पाय उचललाच गेला नाही म्हणून. छातीतली धडधड कानांत ऐकू येत होती. कोल्ह्याचा एक कान माझ्याकडे वळलेला होता आणि दुसरा मागे. त्याने नाक वर करून दोन-तीनदा हवा हुंगली, आणि प्रत्येक वेळी नाकपुड्यांतून वाफेचा बारीक झोत बाहेर पडला. इतक्या तीक्ष्ण घ्राणेंद्रियाचा प्राणी मला आधीच कसा ओळखू शकला नाही, याचे त्या वेळी नवल वाटले होते. कारण मात्र साधे होते. वारा पडलेला असताना रात्रभर थंड झालेली, जड झालेली हवा पहाटे उतारावरून हळूहळू खाली सरकत असते. मी खालून वर चढत होते, म्हणून माझा वास माझ्या मागे, उताराच्या दिशेने जात होता. दवाने भिजलेल्या पाचोळ्यावर पावलांचा आवाज झाला नव्हता, आणि खडकाने आम्हाला एकमेकांपासून झाकले होते. तो माझ्यापाशी आला नव्हता आणि त्याला माझी भीतीही कमी नव्हती. आम्ही दोघेही नकळत एकमेकांच्या अंगावर जाऊन पोहोचलो होतो.

त्यानंतर घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तो पळाला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या डावीकडच्या झुडपांकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि असे त्याने तीनदा केले. मी याचा अर्थ धिटाई असा लावला आणि घाबरले. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी विसाव्या शतकात मांडलेली कल्पना मला बऱ्याच काळानंतर समजली: प्रत्येक वन्य प्राण्याचे एक पलायन-अंतर असते, ज्याच्या आत कोणी आल्यास तो निघून जातो, पण त्याहून कमी असे एक निर्णायक अंतरही असते, आणि पळायला वाट उरली नाही तर तेथे तोच प्राणी उलट चालून येऊ शकतो. झुडपांत शिरणाऱ्या फटीच्या तोंडाशीच मी उभी होते, म्हणजे त्याची वाट मीच अडवली होती. केवळ अंग चोरावे म्हणून मी उजवीकडे दोन पावले सावकाश सरकले, आणि त्याच क्षणी तो मान खाली घालून, फारशी घाई न करता, माझ्यासमोरून फटीत शिरला.

मी पुढे निघणार, तोच धुक्यातून दुसरा कोल्हा आला आणि त्याच फटीतून गेला. कोल्हे जोडीने राहतात, हे मला ठाऊक होते. तरीही हा दुसरा इतक्या जवळ असल्याचा मला पत्ताच नव्हता. फोटोसाठी मी चार पावले पुढे धावले असते, तर नेमकी दोघांच्या मध्ये सापडले असते.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की थांबावे, प्राण्याची नजर कोणत्या बाजूला जाते ते पाहावे आणि ती बाजू मोकळी करून द्यावी. पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा अनेक शिकारी प्राण्यांचा स्वभाव आहे. प्राणी मोठा असेल, किंवा सोबत पिल्ले असतील, तर पाठ न फिरवता मागे मागे सरकत अंतर वाढवावे. तेथे माझ्यासारखे दहा पावलांवर उभे राहणे मुळीच योग्य नाही. कुत्रा बरोबर असल्यास तो दोरीनेच बांधलेला असावा. एका बाबतीत मात्र मी आग्रहाने सांगेन: एखादा कोल्हा न बिचकता थेट जवळ येत असेल, झोकांड्या खात असेल किंवा त्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, तर तो माणसाळलेला आहे असे समजू नये, ती रेबीजची लक्षणे असू शकतात. चावा किंवा ओरखडा लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी. जखम किरकोळ आहे म्हणून थांबू नये, कारण लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. आणि कोल्हा पुन्हा दिसावा म्हणून तेथे खाणे ठेवण्याचा मोह कृपया टाळावा. माणूस म्हणजे अन्न, असे एकदा शिकलेला प्राणी वस्तीत येऊ लागतो, आणि त्याची किंमत पुढे त्यालाच मोजावी लागते.

मी अजूनही त्याच वाटेने जाते, फक्त वळणाच्या थोडे आधी खाकरते. ते दोघे मला पुन्हा दिसले नाहीत. मात्र या हिवाळ्यात त्याच खडकाजवळच्या एका दगडावर ताजी विष्ठा दिसली, जशी कोल्हे आपल्या हद्दीची खूण म्हणून उघड्यावर ठेवतात. तिच्यात फळांच्या बिया आणि उंदराचे केस होते, आणि ते पाहून मला फार बरे वाटले.