तुमचे प्रश्न : फरशीवरचं नाव आणि फ्लोरेन्सचे मेदिची

प्रश्न : आमच्या साखर पेठेत एका मंदिराच्या पायऱ्यांवर देणगीदारांच्या फरश्या बसवल्यात, अमुक यांच्या स्मरणार्थ, रुपये पाच हजार एक. पोरगा फाइन आर्टला जायचं म्हणतोय आणि त्याच्या तोंडी सारखं मेदिची घराणं, त्यांच्यामुळंच म्हणे रेनेसाँ (युरोपातल्या कलेचं पुनरुज्जीवन) झाला. मला तर ते नुसते सावकार वाटतात, पाप धुवायला देणगी देणारे. खरं काय ओ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सावकार तर होतेच की. घराण्यातल्या जोवान्नी दि बिच्चीनं १३९७ मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्सला पेढी काढली, पुढं पोपचा पैसासुद्धा याच पेढीतनं फिरायला लागला. आता गोची अशी की व्याज खाणं हे चर्चच्या लेखी पाप, आणि यांचा धंदाच पैशावर पैसा कमवायचा. जोवान्नीचा पोरगा कोझिमो, त्याला हे मनातनं खात होतं म्हणे, तर पोपनं सांगितलं की सान मार्कोच्या मठावर दहा हजार फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) खर्च कर. त्यानं त्याहून कितीतरी जास्त घातले. त्या मठात फ्रा अँजेलिको या चित्रकार साधूनं साधूंच्या एकेका खोलीत भिंतीवर चित्रं काढलीत, आणि कोझिमोनं स्वतःसाठी पण एक खोली ठेवली होती, तिथल्या भिंतीवर कोण? तर लांबून आलेले श्रीमंत राजे, बाळ येशूच्या पाया पडतायत. श्रीमंत माणसानं रोज उठून बघावं असंच चित्र ते.

तुमच्या फरशीचा भाऊबंद पण तिथं आहे बरं का. कोझिमोचा पोरगा पिएरो, त्यानं सांतिस्सिमा अनुन्झियाता चर्चमध्ये एक देव्हारा बांधून घेतला आणि त्यावर चक्क कोरून ठेवलं की नुसत्या संगमरवराला चार हजार फ्लोरिन लागले! पाच हजार एक त्यापुढं काहीच नाही. घराण्याच्या चिन्हातले ते गोल गोळे तर जिथं पैसा लावला तिथं दिसायचेच, एक जण वैतागून म्हणाला होता की यांनी साधूंच्या संडासावर पण गोळे लावलेत. आणि पिएरोच्या पोरानं, लोरेंझोनं, हिशोब लिहून ठेवलाय, १४३४ ते १४७१ या काळात बांधकाम, दानधर्म आणि टॅक्स मिळून ६,६३,७५५ फ्लोरिन गेले, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही असंही लिहिलंय.

म्हणजे पाप धुणं होतं, मिरवणं होतं, राजकारण तर होतंच होतं. पण म्हणून कलेची जाण नव्हती असं म्हणाल तर मी नाही मानणार. शिल्पकार दोनातेल्लोचा किस्सा बघा, कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीनं लिहिलाय. म्हातारपणी त्याला पोटापाण्याला असावी म्हणून पिएरोनं शेती दिली. वर्षभरात हा गडी परत हजर, म्हणाला घ्या तुमची शेती, कबुतरांच्या खुराड्याचं छप्पर उडालं, टॅक्सपायी जनावरं ओढून नेली, वादळानं द्राक्षं गेली, दर तीन दिवसांनी शेतकरी दारात रडायला. आपल्याकडं हौसेनं फार्महाऊस घेतलेल्यांना विचारा. पिएरो हसला, शेती परत घेतली आणि तेवढंच उत्पन्न दर आठवड्याला पेढीतनं रोख चालू केलं. नुसती फरशी बसवणारा माणूस एवढं करत नाही.

पण पोराला एक सांगा, सगळं श्रेय मेदिचींना देऊ नको म्हणावं. सोलापूरच्या माणसानं तर हे ध्यानात ठेवायलाच पाहिजे कारण फ्लोरेन्स हे मुळात कापडाचं गाव. कॅथेड्रलचा, म्हणजे गावच्या मुख्य चर्चचा, तो मोठा घुमट, ब्रुनेलेस्कीचा, १४३६ ला पुरा झाला, त्याचा कारभार बघायचा लोकरवाल्यांचा संघ. बाप्तिस्त्रीचे, म्हणजे बाप्तिस्मा देतात त्या इमारतीचे, ते प्रसिद्ध दरवाजे गिबेर्ती या शिल्पकाराकडनं करून घेतले कापड व्यापाऱ्यांच्या संघानं. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळासुद्धा १५०१ मध्ये कॅथेड्रल आणि लोकरवाल्यांच्याच लोकांनी सांगितलेलं काम, मेदिची तर तेव्हा गावातच नव्हते, १४९४ लाच लोकांनी हाकलून दिलेलं. तर साखर पेठेतल्या मागवाल्याच्या पोरानं फाइन आर्टला जाण्यात नवल काही नाही, जाऊ द्या त्याला.

प्रश्न : मग घराणं संपल्यावर हा सगळा माल विकला कसा गेला नाही? आमच्याकडं तर वाड्याचे दरवाजेसुद्धा भंगारात गेले.
– एक वाचक, नवी पेठ

उत्तर : एका बाईमुळं. आन्ना मारिया लुईझा, घराण्यातली शेवटची. मेदिची पुढं परत येऊन फ्लोरेन्सचे राज्यकर्ते झाले होते, ती गादी लोरेनच्या परक्या घराण्याकडं चालली होती तेव्हा १७३७ मध्ये तिनं करारात लिहून घेतलं की चित्रं, पुतळे, पुस्तकं, दागिने यातलं काही फ्लोरेन्सबाहेर न्यायचं नाही, हे लोकांसाठी आहे आणि परदेशी पाहुण्यांनी बघायला यावं म्हणून आहे. १७४३ ला ती वारली. फ्लोरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आज जी रांग लागते ती तिच्या त्या करारामुळं. उफिझी म्हणजे कचेऱ्या हो, बिल्डिंग मुळात सरकारी ऑफिसांसाठीच बांधलेली.