व्हिडिओ बघताना सगळं कळतं, मग ऑफिसात हात का अडतो?

"बघताना सगळं समजतं हो, पण खुर्चीत बसलं की पाटी कोरी. या वयात आता डोक्यात शिरत नसेल." पतसंस्थेत २० वर्षं नोकरी झालेल्या, ४३ वर्षांच्या एका ताईंची ही तक्रार. कर्जखात्यांच्या दोन याद्या एक्सेलमध्ये जुळवायचं काम नव्याने अंगावर आलं होतं आणि बढती त्यावर अडली होती.

वयाचा विषय बाजूला ठेवून मी आधी दिनक्रम विचारला. रात्री साडेदहाला सगळं आवरल्यावर अंथरुणात पडून, मोबाइलवर, दीडपट वेगाने दोन-तीन व्हिडिओ. वहीत सुवाच्य नोंदी. महिनाभरात संगणकासमोर बसून मात्र एकही धडा केलेला नव्हता. घरचा संगणक बारावीतल्या मुलाकडे!

"व्हीलुकअप कशाला वापरतात?" ताईंनी घडाघडा सांगितलं: एका यादीतला क्रमांक दुसरीत शोधून त्यापुढची माहिती आणायला. लॅपटॉप पुढे सरकवून "करून दाखवा" म्हटलं, तर कंस उघडून बोट थांबलं. समोर दिसलेलं ओळखता येणं आणि काही न बघता आठवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. व्हिडिओ पहिल्याचाच सराव देतो आणि आपल्याला वाटतं, आलं की! रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के भाग आठवला, तर न बघता आठवून लिहिलेल्यांना सुमारे ५६ टक्के. हे ऐकल्यावर ताईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची होती, कारण ती व्हिडिओत दिसतच नाही. शिकवणाऱ्याची फाइल स्वच्छ असते, ऑफिसची नसते. ताईंच्या एका यादीत खाते क्रमांक संख्या म्हणून होते, दुसरीत मजकूर म्हणून. दिसायला अगदी सारखे, पण मजकूर झालेला आकडा चौकटीत डावीकडे चिकटतो आणि कोपऱ्यात बहुधा हिरवा त्रिकोण दिसतो. सूत्र बरोबर असूनही उत्तर '#एन/ए', म्हणजे 'सापडलं नाही', असं येतं, आणि माणूस स्वतःला दोष देतो. उपाय दोन क्लिकचा: रकान्यातले आकडे निवडायचे, पिवळ्या खुणेवर दाबून आकड्यात रूपांतर करायचं. याहून घातक चूक म्हणजे सूत्राच्या शेवटी 'फॉल्स' न लिहिणं. मग एक्सेल जवळपासचा आकडा शोधतं आणि यादी क्रमवार नसेल तर गुपचूप चुकीची रक्कम आणून ठेवतं.

ठरलं ते असं. आठवड्यातून चार दिवस, सकाळी सहाला, मुलगा उठण्याआधी २५ मिनिटं संगणकावर. विंडोजची कळ आणि डावा बाण दाबून अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, उरलेल्या अर्ध्यात कोरी फाइल. तीन मिनिटं बघायचं, थांबवायचं, खिडकी खाली करून आठवून करायचं. अडलं तरच मागे जायचं. दुसऱ्या दिवशी तेच काम व्हिडिओ न लावता. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या यादीसारखी, खोटी नावं घातलेली यादी. खातेदारांची खरी माहिती घरी आणायची नाही. साहित्य म्हणून आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मधले मराठी धडे सुचवले. ते असे शेजारी-शेजारी करत शिकण्यासाठीच बनवलेत, साधारण दहा मिनिटांचे. धडे लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्याच मोफत प्रोग्रॅमचे आहेत, पण व्हीलुकअप तिथेही तसंच चालतं.

वहीतल्या लांबलचक नोंदी बंद केल्या. रोज एकच ओळ: आज कुठे अडलं. हे ताईंना सगळ्यात जड गेलं, कारण भरलेली वही म्हणजे अभ्यास, ही शाळेपासूनची सवय.

चौथ्या आठवड्यात त्यांनी ऑफिसात याद्या जुळवल्या. ११ खाती जुळेनात. पूर्वी तिथेच फाइल बंद झाली असती. या वेळी त्यांनी एकेक चौकट तपासली: नऊ आकडे मजकूर होते, दोन क्रमांक मुळातच चुकीचे टाइप झालेले.

सध्या पिव्होट टेबल, म्हणजे मोठ्या यादीचा सारांश काढणारा तक्ता, सुरू आहे. वहीतली शेवटची ओळ: 'ओळी आणि रकाने उलटे टाकले.'