जाहिरातीत रेशीम, पार्सलमध्ये पॉलिस्टर
ग्राहकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : भाचीच्या लग्नात नेसण्यासाठी मी फोनवर दिसलेल्या एका जाहिरातीवरून पैठणी मागवली. ‘शुद्ध रेशीम, हातमागावर विणलेली’ असे तिथे स्पष्ट लिहिले होते, किंमत १,८९९ रुपये होती आणि ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी सूचना सारखी झळकत होती. पैसे घरपोच द्यायचे असल्याने मी निर्धास्त होते. मात्र पार्सल उघडण्याआधीच पैसे द्यावे लागले. आत निघाली ती गुळगुळीत, पातळ, कृत्रिम धाग्याची साडी, आणि पदरावरचे मोर चक्क छापलेले. तक्रार केल्यावर ‘सेलमधील माल परत घेतला जात नाही’ असे उत्तर आले, नंतर दोनशे रुपयांचे कूपन देऊ केले आणि आता तर उत्तरच येत नाही. मला पैसे परत मिळू शकतात का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पैसे मागण्याचा आपला हक्क पूर्णपणे शाबूत आहे, आणि ‘सेलमधील माल परत घेतला जात नाही’ या ओळीने तो संपत नाही. घेतलेली वस्तू नंतर आवडली नाही, रंग अंगाला शोभला नाही, या कारणासाठी ती परत घ्यायची की नाही हे दुकानदाराच्या धोरणावर अवलंबून असते. परंतु जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील, तर गोष्ट वेगळी होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत वर्णन केल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. रेशीम सांगून पॉलिस्टर पाठवणे हे या तरतुदीचे अगदी सरळ उदाहरण आहे. त्यामुळे तक्रारीत ‘साडी पसंत पडली नाही’ असा शब्दप्रयोग चुकूनही करू नये. ‘माल जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नाही’ असेच लिहावे. कूपन स्वीकारण्याचेही बंधन आपल्यावर नाही.

आता पुरावा. जाहिरात अजून दिसत असेल तर वर्णन, किंमत आणि तारखेसह तिचे स्क्रीनशॉट आजच घ्या, कारण अशा जाहिराती रातोरात नाहीशा होतात. पार्सलच्या वेष्टनावरची चिठ्ठी, पैसे दिल्याची पावती आणि विक्रेत्याशी झालेला सगळा संवाद जपून ठेवा. साडीची उलटी बाजू आणि पदर यांची जवळून छायाचित्रे काढा : पारंपरिक हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, छापलेली नक्षी मात्र उलट बाजूला फिकी पडते. धागा रेशमाचा आहे का याची घरगुती परीक्षाही होते. काठाच्या आतून एक-दोन सुटे धागे काढून चिमट्यात धरून जाळले, तर रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. ही परीक्षा आपल्या समाधानापुरती आहे. प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेले तर प्रयोगशाळेचा अहवाल मागितला जाऊ शकतो, म्हणून साडी जशीच्या तशी ठेवा, नेसू किंवा धुऊ नका.

पहिली लेखी तक्रार विक्रेत्याच्या आणि, साडी एखाद्या मोठ्या बाजारपेठ-संकेतस्थळावरून घेतली असल्यास, त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि एक महिन्यात निवारण करावे, असे हेच नियम सांगतात. उपयोग झाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आपण राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा. एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील नेमणे सक्तीचे नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. विक्रेत्याचे नाव-पत्ताच खोटा असल्याचे दिसले, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवरही नोंद करावी.

आमच्या मते खरी मेख पत्त्यातच आहे. कायदा कितीही बाजूने असला, तरी नोटीस पाठवायला ठावठिकाणा लागतो. ऑनलाइन विकणाऱ्या संस्थेने आपले कायदेशीर नाव, कार्यालयाचा पत्ता आणि संपर्क क्रमांक ठळकपणे दिला पाहिजे, असा नियमच आहे. हा तपशील जिथे नाही तिथे चित्र कितीही देखणे असो, खरेदी करू नये. ‘दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रतिबंधित केले आहे. आणि किंमत पाहूनही थांबावे : येवल्याच्या विणकराचे मागावर कित्येक दिवस, कधी महिनेही जातात, शिवाय रेशीम आणि जर यांचा खर्च वेगळाच. दोन हजारांच्या आत शुद्ध रेशमाची हातमागाची पैठणी बसतच नाही, आणि अशा जाहिराती आपल्याइतकेच त्या विणकरांचेही नुकसान करतात. रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क ही प्रमाणचिन्हे पाहूनच घ्यावे.

प्रश्न : प्रत्येक कंपनीचा ‘एल’ वेगळा निघतो. न बसणारा कुर्ता परत करताना पाठवणीचा खर्च कापला जातो. हे योग्य आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कुर्ता विक्रेत्याने दिलेल्या मापांच्या तक्त्याप्रमाणे असेल, पण आपल्याला बसत नसेल, तर आधी जाहीर केलेल्या अटीनुसार खर्च कापता येतो. तक्त्यात छाती ४२ इंच असून कुर्ता टेप लावल्यावर ३९ भरत असेल, तर मात्र तो वर्णनाबाहेरचा माल ठरतो आणि पूर्ण रक्कम मागावी. मागवण्यापूर्वी घरातील नीट बसणारा कुर्ता सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, त्याची दुप्पट करा आणि तक्त्यातील आकडा कपड्याचा आहे की अंगाचा, हे आधी पाहा. ढिल्या कुर्त्यात या दोहोंत चार इंचांचा फरक सहज पडतो.