भिशी फुटेपर्यंत थांबलेली पोटगी

"फीला पैसं असतं तर पोटगी मागायला कशाला आले असते?" कागलकडच्या एका ताईंनी खुर्चीत बसता बसताच हा प्रश्न टाकला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला, ताई माहेरी, मुलगी पहिलीत. केस घालायला वीस हजार लागतात, असं कुणीतरी सांगितलेलं. म्हणून अकरा महिने त्या भिशी फुटायची वाट बघत होत्या. पर्समध्ये पाचशे रुपयांचा कोरा स्टॅम्प पेपर होता, प्रतिज्ञापत्रासाठी घेतलेला.

तो स्टॅम्प पेपर फुकट गेला. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. कोर्ट फीचंही तसंच. पोटगीच्या प्रकरणात स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी राज्य शासनाची अधिसूचना १ ऑक्टोबर १९९४ ची आहे. कोर्टाच्या टेबलावर कुणी कोर्ट फीचं तिकीट लावायला सांगितलंच, तर तारखेसह या अधिसूचनेचं नाव घ्यायचं.

मग खर्च उरतो तो वकिलाचा, टायपिंगचा, झेरॉक्सचा आणि तारखांना येण्याजाण्याचा. वकिलासाठी कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्री आणि मूल यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तहसीलदाराच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायची गरज नाही. आधार कार्ड, लग्नाचा पुरावा, मुलीचा जन्मदाखला आणि काय घडलं ते एका पानावर लिहून न्यावं. फोनवर विचारायचं तर १५१००. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या, म्हणजे यादीतल्या, वकिलाने अशिलाकडून पैसे मागायचे नसतात. मागितलेच तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, ही समजूत गावोगावी आहे. पोटगीचं काम मुख्यतः कागदांवर उभं राहतं, आणि कागद गोळा करणं अर्जदाराच्याच हातात असतं.

खाजगी वकील लावला तरी तो खर्च नवऱ्याकडून मागता येतो. पोटगीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. त्यात अंतरिम (अंतिम निकालापर्यंतच्या) पोटगीबरोबर 'कार्यवाहीचा खर्च' देण्याचा आदेश करता येतो, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं म्हटलंय. साठ दिवसांचं गणित प्रत्यक्षात क्वचितच जुळतं, पण त्या तरतुदीचा हवाला देऊन लवकरची तारीख मागता येते. घटस्फोटाचा दावा चालू असेल, तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ याच कामी येतं.

माशी शिंकते ती अर्जाच्या शेवटी, कोर्टाकडे काय मागायचं त्या विनंतीच्या परिच्छेदात. अर्जात मुलीच्या पोटगीचा आकडा असतो, खर्चाचं अवाक्षर नसतं. मग न्यायाधीश तरी कशावर आदेश देणार? या ताईंच्या अर्जात वेगळी ओळ घातली: वकील फी, टायपिंग, कागल ते बावडा एसटीभाडं, बुडालेली हजेरी. सोबत पावत्या आणि तिकिटं. मुलीच्या खर्चाचा तक्ता वेगळा: शाळेची फी, रिक्षा, दूध, औषधं. मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिलंय. त्यात ताईंनी शिलाईची कमाई लपवायची नाही, हे बजावून सांगावं लागलं. खोटं उघड झालं तर खर्च राहिला बाजूला, उलट कारवाई मागे लागते.

"आणि हरले तर त्यांच्या वकिलाची फी माझ्या बोकांडी?" हा दुसरा प्रश्न. याच संहितेच्या कलम १४५ प्रमाणे खर्च कुणी द्यायचा हे न्यायालय ठरवतं. हरणाऱ्याने भरायचाच, असा सरसकट नियम नाही. आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत बापाला अंग काढून घेणं सोपं नसतं. आई कमावते म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही, रक्कम तेवढी कमीजास्त होते.

खरा तोटा त्या अकरा महिन्यांचा. रजनेश विरुद्ध नेहा याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितली आहे, त्याआधीची नाही. महिना पाच हजार धरले तरी पंचावन्न हजार हातचे गेले, वीस हजार जमवण्याच्या नादात.

आदेश झाला की त्याची नक्कल अर्जदाराला विनामूल्य मिळते (त्याच संहितेचं कलम १४७). नक्कल विभागात पैसे भरायचे नाहीत. ती हातात आली की दोन तारखा वहीत लिहाव्यात: पैसे कधी यायला हवे होते आणि कधी आले. थकलेल्या रकमेसाठी वसुलीचा अर्ज, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. 'आज देतो, उद्या देतो' यात वर्ष उलटलं, तर जुन्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. नवरा तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी फिटली, असंही होत नाही.

ताईंच्या वहीत पहिली नोंद पडली ती अंतरिम आदेशानंतर बावीस दिवसांनी: मुलीची पोटगी जमा, खर्चाची रक्कम बाकी.