हक्क कमीची सही

प्रश्न : दांडिया बाजारात आमचे वडिलोपार्जित घर आहे. वडील मागील वर्षी मृत्युपत्र न करता गेले. यंदा भाऊबीजेला ओवाळून तबक खाली ठेवते न ठेवते तोच भावाने ‘हक्क कमी’चा, म्हणजे घरातला माझा हिस्सा सोडल्याचा, कागद पुढे केला आणि ‘सगळ्याच बहिणी करतात’ असे म्हणाला. माझी आजी सयाजीरावांच्या सक्तीच्या शाळेत शिकलेली. बडोद्यात स्त्रियांचे स्थान शंभर वर्षांपूर्वीच सुधारले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो; मग हे काय?
— एक वाचक भगिनी, बडोदे

उत्तर : आपण ऐकत आलात ते खोटे नाही, अपुरे आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलीला घरी ठेवणाऱ्या पालकाला दंड होई. मात्र त्याच कायद्यात सक्तीचे वय मुलग्यांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० असे होते. संस्थानाच्या १९०४ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १२ ठरविले होते, तेव्हा दहाव्या वर्षी पाटी खाली ठेवणे फारसे कोणाला खटकले नसावे. घटस्फोटाचा कायदाही बडोद्यात १९३१ मध्येच आला, देशभरच्या हिंदूंना तो १९५५ मध्ये मिळाला. शाळा, लग्न, काडीमोड यांत सुधारणा अशी लवकर झाली; घराची वाटणी मात्र मागे राहिली, आणि माझ्या मते स्त्रीच्या स्थानाची खरी परीक्षा तिथेच होते, कारण मुलीला शिकवून भावाचे काही कमी होत नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वडिलांच्या हिश्श्यात मुलाच्या बरोबरीने वारस झाली खरी, पण कुटुंब राहत असलेल्या घराबाबत त्यात कलम २३ होते : भाऊ आपापले हिस्से वेगळे करायला तयार होईपर्यंत बहिणीला वाटणी मागता येत नसे. तिथे राहण्याचा हक्कही अविवाहित, विधवा, पतीने टाकलेल्या किंवा पतीपासून वेगळ्या झालेल्या मुलीलाच होता. नांदणारी मुलगी पाहुणीच. हे कलम ९ सप्टेंबर २००५ पासून गेले, आणि त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, झाली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले.

तेव्हा वडिलांच्या हयातीत रीतसर वाटणी झालेली नसेल, तर आपला हिस्सा भावाइतकाच आहे. ‘सगळ्याच बहिणी करतात’ हा रिवाज आहे, कायदा नव्हे. मसुद्यात बहुधा ‘राजीखुशीने’ असा शब्द असेल. ओवाळणीचे पाकीट हातात असताना, भावजय चहा आणत असताना तो शब्द कितपत खरा असतो, हे आपणच जाणता. माहेर तुटेल ही भीती खोटी नाही, म्हणून भांडा असे मी म्हणणार नाही. कागदाची प्रत मात्र मागून घ्या आणि स्वतःच्या वकिलाला दाखवा, कारण नोंदणी झालेले हक्क सोडल्याचे लिखाण मागाहून रद्द करून घेणे फार जिकिरीचे असते. आपल्या मातोश्री हयात असतील, तर त्याही त्या घरात हिस्सेदार आहेत. त्यांचीही सही त्याच कागदावर मागितली आहे का, हे आधी पाहा.