बहिणीच्या बोस्टनच्या तिकिटाबद्दल

भाऊ, तुमची धाकटी बहीण जर्मनीत एमएससी करते आणि ऑगस्टअखेर अदलाबदल योजनेतून एका सत्रासाठी बोस्टनला जाणार आहे. कापूस विकून आलेले पैसे हाताशी आहेत तोवरच तिचे तिकीट काढावे की विसा मिळेपर्यंत थांबावे, आणि सर्वांत स्वस्त विमान कसे शोधावे, असे तुम्ही दारव्ह्याहून विचारले आहे. युरोपात शिकत असताना आणि आर्वीला परतल्यावर आपल्याकडच्या मुलामुलींसाठी मी अशी तिकिटे काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

विसा हाती येण्यापूर्वी परतावा न मिळणारे तिकीट काढू नका. अमेरिकेचे परराष्ट्र खातेही अर्जदारांना हेच सांगते. मात्र तिकिटाची रक्कम आजच वेगळ्या खात्यात ठेवा, कारण मृगाची पेरणी सुरू झाली की बियाणे आणि खतांपुढे घरात दुसऱ्या कोणत्याही खर्चासाठी पैसा उरत नाही. दरम्यान बहिणीने विसाच्या मुलाखतीची तारीख लवकरात लवकर मिळवावी. तिकीट स्वस्त मिळण्याच्या दृष्टीने सध्या त्याहून महत्त्वाचे काम नाही.

खरी बचत तारखेत असते. अटलांटिकवरील भाडे जून ते ऑगस्ट आणि नाताळाच्या आसपास चढते, तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत उतरते. तिला भर हंगामातच जायचे असले, तरी जे-१ विसावर (अदलाबदल योजनेतून जाणाऱ्यांचा विसा) अभ्यासक्रम सुरू होण्याच्या 30 दिवस आधीपर्यंत अमेरिकेत प्रवेश करता येतो, त्यामुळे निवडीला बराच वाव आहे. फक्त लवकर गेल्यास राहण्याचा खर्च वाढेल, तोही हिशेबात धरावा. गूगल फ्लाइट्सवर पूर्ण महिन्याचे भाडे तारखेनुसार दिसते आणि भाडे बदलल्यास ईमेलने कळवण्याची सोय आहे. ती आजच सुरू करावी, म्हणजे विसा येईपर्यंत नेहमीचे भाडे किती आणि खरोखर कमी भाडे किती, याचा अंदाज येईल. मंगळवार-बुधवारची विमाने अनेकदा स्वस्त पडतात. जुन्या, मोठ्या कंपन्यांचे एकेरी तिकीट पुष्कळदा जाऊन-येऊन तिकिटाइतके, कधी त्याहूनही महाग असते, म्हणून डिसेंबरच्या परतीसह भाडे पाहावे आणि परतीची तारीख बदलण्याचे शुल्क वाचून घ्यावे.

फ्रँकफर्टबरोबर बर्लिन, म्युनिक, पॅरिस आणि ॲमस्टरडॅमहूनही शोध घ्यावा. तेथवर रेल्वेने किंवा बसने जाता येते. रेक्याविक किंवा लिस्बनमार्गे, वाटेत एकदा विमान बदलून जाणारे तिकीटही थेट विमानापेक्षा स्वस्त मिळू शकते.

मात्र दोन वेगवेगळी तिकिटे जोडून प्रवास करण्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात आणि ती कंपनी जबाबदारी घेत नाही. शिवाय वेगळ्या तिकिटांत वाटेत विमानतळाबाहेर येऊन सामान घ्यावे लागू शकते. आइसलँड (रेक्याविक) आणि पोर्तुगाल (लिस्बन) हे देश जर्मनीप्रमाणेच शेंगेन या सामाईक प्रवेशाच्या क्षेत्रात असल्याने तिच्या जर्मन निवास परवान्यावर तिथे त्यासाठी बाहेर पडता येईल. लंडन किंवा डब्लिनमध्ये त्या परवान्याने प्रवेशाचा हक्क मिळत नाही. तिकीट एकच असेल, तर जर्मनीतून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम लागू होतो. कंपनीच्या दोषामुळे बोस्टनला पोहोचण्यास चार तासांहून अधिक उशीर झाल्यास 600 युरो भरपाई मागता येते. परतीच्या प्रवासात हा हक्क फक्त युरोपीय कंपनीच्या विमानात मिळतो, हेही कंपनी निवडताना ध्यानात घ्यावे.

फार कमी भाड्याच्या कंपन्यांबद्दल सावध राहण्यास कारण आहे. प्रायमेरा एअर 2018 मध्ये, वॉव एअर 2019 मध्ये आणि प्ले 2025 मध्ये अचानक बंद पडली आणि तिकीटधारक अडकले. अशा कंपनीचे तिकीट घ्यायचेच असेल, तर ते क्रेडिट कार्डाने घ्यावे, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा मार्ग राहतो. शिवाय पडद्यावरच्या सर्वांत कमी भाड्यात बहुधा फक्त हातातली बॅग असते. बोस्टनच्या हिवाळ्याचे कपडे त्यात मावणार नाहीत, म्हणून 23 किलोच्या बॅगेचे शुल्क मिळवूनच भाड्यांची तुलना करावी. विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीच्या भाड्यातही कधी कधी जास्तीचे सामान मिळते, तेही पाहून ठेवावे.

पैसे शक्यतो तिच्या जर्मन खात्यातून युरोत भरावेत. भारतीय कार्डावर परकीय चलनाचे अधिभार लागतात. तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढावे, कारण दलाल संकेतस्थळाचे तिकीट थोडे स्वस्त दिसले तरी बदल करताना कंपनी आणि दलाल एकमेकांकडे बोट दाखवतात. नाव भरताना आपल्याकडची एक अडचण येते: पारपत्रावर वडिलांचे नाव बहुधा मुलीच्या नावासोबत असते. तिकिटावर नाव पारपत्रातल्याप्रमाणे अक्षरशः लिहावे आणि पैसे भरण्याआधी दुसऱ्या कुणाकडून एकदा वाचून घ्यावे.