प्रॉपला टाकलं म्हणून रुसू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. रग्बी कोचने तुला नंबर एटवरून, म्हणजे स्क्रमच्या (दोन्ही टीमचे फॉरवर्ड खांदे भिडवून रेटतात त्या झुंडीच्या) मागच्या जागेवरून उचलून प्रॉपला, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेत टाकलं आणि त्यात ऑकलंडमधलंच कुणीतरी बोललं की तू इथं जन्मला नाहीस, इथल्या टीमची स्वप्नं कशाला बघतोस. दोन्हीचा राग येणं साहजिक आहे, पण आधी दक्षिण आफ्रिकेचा प्रॉप तेंडाई मतावारिरा याचं करिअर बघ.

जन्म १९८५चा, हरारेचा, झिम्बाब्वेत. सगळे बीस्ट म्हणूनच ओळखतात. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला शार्क्स टीमकडे आला तेव्हा तोही तुझ्यासारखा बॅक रोमधला, म्हणजे स्क्रमच्या मागच्या रांगेतला, बॉल घेऊन धडका मारणारा, आणि कोच डिक म्युअरने त्याला लूजहेड, म्हणजे डावीकडचा प्रॉप केलं. म्हणजे मान, खांदे, पाय कुठं रोवायचे इथपासून सगळं नव्याने शिकणं आलं. तो शिकला. २००८ला दक्षिण आफ्रिकेकडून वेल्सविरुद्ध पहिली टेस्ट, आणि २००९ला लायन्स (ब्रिटन-आयर्लंडची एकत्र टीम) डर्बनला आले तेव्हा फिल व्हिकरीसारख्या वर्ल्ड कप जिंकलेल्या प्रॉपला त्याने स्क्रममध्ये अक्षरशः हैराण केलं. ती मॅच बघच, पण बॉलकडे नको, त्याची पाठ आणि पाय बघ.

एवढं करून २०१०ला काय, तर हा नागरिक नाही मग देशाकडून खेळतो कसा, असा सवाल सरकारकडून आला! रग्बीच्या नियमात तो बसत होता, तेव्हा तीन वर्षं राहिलं की चालायचं, पण पासपोर्ट झिम्बाब्वेचा. त्याच वर्षी नागरिकत्व मिळालं आणि गडी पुढे ११७ टेस्ट खेळला, शेवटची २०१९ची वर्ल्ड कप फायनल, योकोहामाला, इंग्लंडला ३२-१२ हरवून.

म्हणून कागदांचं आत्ताच बघ. न्यूझीलंडकडून राहण्याच्या जोरावर खेळायला आता तिथे सलग ६० महिने राहावं लागतं, तेव्हा भाडेकरार, कॉलेजचे दाखले, प्रवासाच्या तारखा सगळं एका फाइलमध्ये ठेव. आणि भारताच्या सीनिअर टीमचं बोलावणं आलं तर घरच्यांशी बोलून मगच ठरव, कारण ती कॅप घेतलीस, म्हणजे त्या टीमकडून एकदा खेळलास, की नंतर नुसत्या राहण्याच्या जोरावर न्यूझीलंडकडून खेळता येणार नाही. २०२२पासून देश बदलता येतो खरा, पण तीन वर्षं थांबून, आणि तुझा, आईवडलांपैकी कुणाचा किंवा आजीआजोबांपैकी कुणाचा जन्म त्या देशातला असेल तरच.

उद्या कोचला विचार, लूजहेड का टाइटहेड (उजवीकडचा प्रॉप). मानेचे व्यायाम फिजिओला विचारूनच, त्यात घाई अजिबात नको. काय म्हणाला ते कळव.

तुझा दादा